खातूआण्णांनी झाकलेली गाडी

मंडळी, कीर्तन पुढे नेण्याआधी एक विचारतो. आवडती वस्तू सांभाळायची म्हणजे काय करायचं? ... झाकून ठेवायची! वाटलंच मला! रिमोटला प्लॅस्टिक, सोफ्याला प्लॅस्टिक — पाहुणा टेकला की चर्र! अहो, वस्तू सांभाळताय की मुरवताय?

ऐका. चिपळूणकडचे आमचे खातूआण्णा. मुलगा भार्गव बोटीवर नोकरीला. स्वतःच्या कमाईची मोटरसायकल घेतली आणि निघाला पुढच्या फेरीवर. जाताना म्हणाला, "आण्णा, परत आलो की तुम्हाला मागे बसवून कुलदेवीला नेतो. तोवर गाडी धुवा, चांगली वाळू द्या, आणि आत हवा खेळेल असं कापडी कव्हर घाला."

सांगितलं की नाही? मराठीतच सांगितलं ना!

आण्णा गेले दुकानात. दुकानदार म्हणाला, "हे कापडी न्या. पाणी अडवतं, आतली वाफ बाहेर सोडतं. गाडी श्वास घेते."

"गाडीला नाक कुठाय?" — आणि घेतलं काय? जाड प्लॅस्टिक! का? तर चकाकतं!

पुढचं कपाळावर हात ठेवून ऐका. गाडी धुतली. खातूकाकू म्हणाल्या, "अहो, ओली आहे अजून. उद्या झाका."

"मुहूर्त आजचाच आहे!"

झाकायला मुहूर्त! हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, त्याचं पाणी टाकीवर शिंपडलं, झेंडूचा हार घातला — आणि हारासकट वर प्लॅस्टिक! खालून सुतळीनं आवळलं! कशाला? तर वारा शिरेल! हसू नका, पेटीवाले, तुमच्या फ्रिजवरचं प्लॅस्टिक माहीत आहे मला!

अख्खा पावसाळा आण्णा रोज सकाळी कव्हर पुसायचे, नमस्कार करायचे. एकदा तरी उघडून बघावं? छे!

भार्गव आला. रजा थोडीच. "चला आण्णा, कपडे बदला, कुलदेवीला निघू." सुतळी सोडली, कव्हर उचललं — आणि काय तो वास! हार काळा, सीटवर बुरशी, साखळी गंजून लाल, किल्ली फिरेना! आणि आण्णांच्या हातातलं कव्हर? आरशासारखं लख्ख!

"अरे, मी रोज पुसत होतो रे..."

"काय पुसत होतात, आण्णा?"

पोरगा रागावला नाही, मंडळी. रागावला असता तर बरं झालं असतं. रजा सगळी गॅरेजात गेली, तो बोटीवर परतला. पुढची रजा येईपर्यंत आण्णांचे गुडघे गेले. मुलाच्या मागे बसायचं राहिलं ते राहिलंच.

हसलात ना आण्णांना? आता इकडे बघा! टिळा रोज ताजा, माळ रोज पुसलेली, एकादशी एक चुकत नाही — आणि सख्ख्या भावाशी बोलणं बंद! ती अढी ओलीच होती, तशीच आवळून ठेवलीत, वर हार घालून! वैताग आलाय मला, खरं सांगतो! दरवर्षी येतो, दरवर्षी तुमचं कव्हर चकचकीत!

घरी जा, सुतळी सोडा, आत वारा जाऊ द्या. भाऊ आहे तोवर! आणि आता टाळ उचला, विठ्ठल म्हणा. तोंडानं रोजच म्हणता — आज आतून येऊ द्या!