रक्तपेढीच्या पडद्यावरील हाकेबाबत

नाव: कोंडीराम गोविंद हाटे, वय ६८ वर्षे, धंदा: निवृत्त स्टोअरकीपर, सध्या परळच्या एका रुग्णालयात संगणक विभागात मानधनावर, रा. सुमेध चाळ, लालबाग.

समक्ष हजर राहून सांगतो की, जबाबाआधी मी हवालदार कमलताईंची, त्यांच्या सासूबाईंच्या गुडघ्याची व ठाणे अंमलदारसाहेबांच्या खोकल्याची विचारपूस केली. "काका, हे जबाबात येत नाही," असे त्या म्हणाल्या. माणूस आधी, मग कागद. सर्व बरे आहेत.

अक्षता दिवेकर आमच्या विभागात सर्व्हर सांभाळते. एका सर्व्हरच्या पोटात अनेक मशिनी चालतात. इमारत एक, बिऱ्हाडे अनेक. त्या सुरू-बंद करायचे पान ब्राउझरमध्ये उघडते. त्यावर नुसते नंबर आणि हिरवे ठिपके. आत कोण काम करतेय ते कळत नसे. मशीन बंद केली की कोणाचे तरी अर्धे काम बुडायचे आणि बोलणी अक्षताला.

मी तिला म्हणालो, "आमच्या चाळीत पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवण्याआधी जिन्यातून हाक मारतात. तशी हाक घाल की पोरी." विभागप्रमुखांच्या परवानगीने तिने ती घातली; आता मशीन बंद करण्याआधी आत काम करणाऱ्याच्या पडद्यावर हाकेची अक्षरे उमटतात.

काल सकाळी तिने एक जुनी, रिकामी वाटणारी मशीन बंद करायला घेतली. मी शेजारीच होतो. हाक गेली: "बंद करतेय हो! आत कोणी आहे का?" पानावर आले, एक जण आत, उत्तर नाही. ती म्हणाली, "काका, उत्तर नाही म्हणजे माणूस नाही असं थोडंच आहे? बघून येते." तिने मशीन बंद केली नाही.

ती मशीन रक्तपेढीची निघाली. तेथील श्री. मनमोहन विजयकर यांनी पडद्यावर हाक पाहून संगणकाची वायर उपटली व ते "कोणीतरी आत शिरलंय, बोलतंय पण!" असे ओरडत बाहेर आले. अक्षता म्हणाली, "अहो सर, ती मीच!" कोणी ऐकले नाही. विजयकरांनी ठाण्यात तक्रार दिली. तिचा पास रुग्णालयाने ठेवून घेतला, लॅपटॉप ठाण्यात जमा आहे, पोर घरी बसली आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नाही. रक्तसाठ्याची एकही नोंद गेलेली नाही.

आज विजयकरांनी मला चहा पाजला. म्हणाले, "हाटे, हाकेत नाव कुठं होतं? मी घाबरणार नाही तर काय!" ते बरोबर आहेत. जिन्यातला आवाज ओळखीचा असतो, पडद्याला आवाज नसतो. तक्रार मागे घ्यायला ते उद्या येत आहेत. हाकेच्या आधी नाव घालायचे अक्षताने कबूल केले आहे.

तरी लॅपटॉप कधी मिळेल ते तिला लवकर लेखी कळवावे, ती वाट पाहते.

कमलताईंनी हे सारे मोठ्याने वाचून दाखवले. मी बोललो तसेच उतरले आहे, गुडघ्यासकट. खाली पूर्ण नावानिशी सही करतो. कोण बोलतंय ते कळायला हवे.

कोंडीराम गोविंद हाटे