नाना ऑफ

नाही नाही, ताई, बसा तुम्ही — दचकलो ते तुमच्यामुळे नाही, त्या शब्दामुळे. 'मयुरीचे पप्पा आज ऑफ आहेत' म्हणालात ना — म्हणजे सुट्टीवर. कळलं मला. आता कळतं! बत्तीस वर्षं या फैजपुरात इंग्रजी शिकवलं, फळ्यावर 'ऑफ'चे सगळे अर्थ लिहून द्यायचो — दिवा ऑफ, मूड ऑफ, साडीवर वीस टक्के ऑफ, क्रिकेटमधली ऑफ साईड — आणि मग मिशीत हसून सांगायचो, पोरांनो, आपल्याकडे माणूस गेला तरी तो ऑफच होतो. वर्ग हसायचा. मला वाटायचं, काय मास्तर आहे मी!

तर माझे थोरले भाऊ, नाना. वहिनींचं माहेर साक्रीकडचं, म्हणून ते तिकडेच राहायला गेलेले, एका पेट्रोल पंपावर कामाला. नऊ वर्षं आमचं बोलणं नव्हतं. म्हणजे — मी फोन करायचो. पंपाच्या ऑफिसात. नाना 'हॅलो' म्हणाले की ठेवून द्यायचो. दर पंधरा दिवसांनी. हे आमच्या हिलासुद्धा माहीत नाही बरं का, कुठे बोलू नका. गेल्या फाल्गुनात असाच लावला, तर कुणी बाई अहिराणीत बोलली — "नाना? नाना आज ऑफ शे," आणि कट! पुन्हा लावला, कुणी उचलेना. 'आज' म्हणाली हो ती, चांगलं 'आज' म्हणाली. पण मी ऐकला फक्त 'ऑफ'. वहिनींना एक फोन करायचा की नाही? नंबरच नव्हता माझ्याकडे. सख्ख्या वहिनीचा नंबर नाही — असा मी शहाणा.

निघालो. हिला सांगितलं, धुळ्याला काम आहे. जळगावपासून धुळ्यापर्यंत एसटीत नुसता रडत होतो. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली दिली, त्या पारोळ्याला उतरल्या, बाटली माझ्याकडेच राहिली. धुळ्याच्या स्टँडवर हार घेतला, पांढरी टोपी घेतली. साक्रीला नानांच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि जो हंबरडा फोडला — "नानाऽ रे नाना!" — चार दारं उघडली. एक म्हातारी तर काही न विचारता माझ्याबरोबर रडायलाच लागली! भिकुबाई वहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. आणि त्यांच्यामागून, बनियनवर, हातात खाटेची सुंभाची दोरी — नाना. म्हणाले, "कोण गेलं रे?"

काय सांगणार? हातात हार. म्हटलं, "तुम्ही."

हसा, हसा, गल्लीही हसली. नाना नाही हसले. म्हणाले, "मी जिवंत असताना यायला काय झालं होतं तुला?"

काय झालं होतं? सांगतो. माझ्या ज्योतीचा साखरपुडा. नाना सातवी शिकलेले — सातवीत शाळा सोडून केळीचे घड वाहिले, म्हणून मी जळगावात कॉलेज केलं. त्या दिवशी पाहुणे निघाले तर नाना दारात उभे, नवी टोपी, प्रत्येकाला हात जोडून "वेलकम, वेलकम" — निघालेल्याला आपण 'या, या' म्हणतो ना, तसं. आणि मी — सगळ्या व्याह्यांसमोर, मोठ्यानं — "नाना, जाणाऱ्याला वेलकम नसतं म्हणत हो!" आणि हसलो. मी हसलो म्हणून पाहुणे हसले. नाना पण जरासे हसले, ताई. मग वहिनींना घेऊन न जेवता गेले. सगळं घर म्हणालं, जा, समजूत काढ. मी म्हणालो, माझं काय चुकलं? शब्द चुकलाच होता ना? असे मास्तर आम्ही!

तर त्या दिवशी नानांनी माझ्या हातातला हार काढून घेतला, शेजारच्या म्हातारीला दिला — देवाला घाला म्हणाले. मला खाटेवर बसायला लावलं, ती अर्धी विणलेली, मी मधून खालीच गेलो. वहिनींनी भाकरी वाढली, शेवेची भाजी. मी तोंड उघडलं की नाना म्हणायचे, "जेव आधी." दोन भाकऱ्या खाल्ल्या. तीन खाल्ल्या. मग ते स्टँडवर सोडायला आले, गर्दीत घुसून खिडकीजवळची जागा पकडून दिली, मी लहान असल्यासारखं.

नाही, आता बोलतो ना आम्ही. केळीचा भाव, पाऊसपाणी, ज्योतीची मुलगी. सगळं बोलतो.

काय म्हणालात? — माफी?

मयुरीला सोमवारी आठ वाजता शिकवणीला पाठवा, वही दोनशे पानी आण म्हणावं. या आता, ताई. या.