हॅवलॉकला जायचं तर

(चेन्नई, मैलापूर, २००७. रविवारची सकाळ. सईबाई, त्यांचा मुलगा रणवीर आणि सून रेवा.)

रेवा : ...आणि जहाज महिन्यातून तीन-चारदाच. इथल्या बंदरातून सुटलं की अडीच-तीन दिवस नुसतं पाणी. मग पोर्ट ब्लेअर, मग परत बोट, तेव्हा कुठे ते हॅवलॉक बेट. रणवीर, हे सगळं आईंना सांगितलंयस का तू?

रणवीर : विमान आहे की. दोन तासांत पोर्ट ब्लेअर.

रेवा : आणि पुढे? समुद्र खवळला की ती बोट बंद. तुला नोकरी देतायत त्या रिसॉर्टमधल्या बाईंशी मी फोनवर बोलले. म्हणाल्या, खारी हवा सगळं खाते. पंखे, फ्रिज, दाराची कुलपंसुद्धा. औषधं एकदम भरून ठेवायची. भाजी काय, बोटीतून येईल ती.

रणवीर : गंज तर माझीच लाइन आहे! जनरेटर, पंप, बोटींची इंजिनं, सगळं माझ्याकडे देतायत. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात पहाटेच्या बसनं जायचं, दिवसभर त्या प्रेस मशीनचा आवाज ऐकायचा, रात्री घरी यायचं. झोपलो तरी कानात धडधड चालूच. अम्मा, तू सांग. मी काय चूक करतोय?

सईबाई : चूक कोण म्हणालें? काप्पी पी आधीं. थंड होते.

रेवा : मी पण नको म्हणत नाहीये. पण नाशिकहून इथे आले तेव्हा मी कसला म्हणजे कसलाच विचार केला नव्हता. सहा महिने दूधवाल्याशी हातवारे करून बोलत होते. रडायचे बाथरूममध्ये. म्हणून या वेळी सगळं विचारून घेतेय.

रणवीर : विचार, पण आज विचार. उद्या त्यांना उत्तर द्यायचंय. हो म्हटलं की हे घर सोडायचं, आणि आपण चौघं तिकडे.

सईबाई : सगळें विचारलेंत तुम्ही दोघांनीं. विचारायचें तेंच राहिलें.

रणवीर : सुनामी ना? मी बघून आलो अम्मा, राहायचं घर चढावर आहे. समुद्र खाली.

सईबाई : सुनामी नव्हे रे कण्णा. तुझे अप्पा.

रणवीर : अय्यो, अप्पांसाठीच तर चाललोय! ट्रॅफिक नाही, धूर नाही. सकाळी उठून झाडांखालून फिरायचं. हल्ली बघ ना किती खूश असतात. जन्मभर माझ्याशी तमिळ बोलले, आता तोंड उघडलं की मराठी. मी कंपनीत सगळ्यांना सांगतो, सून महाराष्ट्रातली आली आणि आमच्या घरात मराठी परत आलं.

रेवा : मलाही तसंच वाटलं. इतकं बरं वाटायचं मला.

सईबाई : वाटूं दिलें मी. कशाला तुमचा आनंद मोडायचा म्हणून.

रणवीर : म्हणजे काय?

सईबाई : ते मराठी बोलतात, कां म्हणजे त्यांचें तमिळ गेलें. इंग्लिश त्याच्या आधीं गेलें. जन्मभर ऑफिसांत इंग्लिश टाइप केलें, तें सगळें गेलें. तंजावरास लहानपणीं आईशी बोलत होते, तें तेवढें उरलें आहे. रेवासाठीं नाहीं बोलत ते.

रणवीर : काहीतरी काय अम्मा! काल तर पेपर वाचत बसले होते.

सईबाई : हातांत धरून बसतात. पान उलटत नाहींत, पाहिलेंस कधीं?

रेवा : आई... मला रोज सकाळी विचारतात, तुमचें गांव कोणतें? मी रोज हसून नाशिक सांगते. मला वाटायचं, थट्टा करतायत सुनेची.

सईबाई : थट्टा नव्हे. रोज नवीच दिसतेस तूं त्यांना.

रणवीर : डॉक्टर?

सईबाई : दाखविलें. दोनदां. गोळी दिली आहे, पण हें परत फिरायचें नाहीं म्हणाले. वाढत जाणार.

रणवीर : आणि मला सांगितलं नाहीस? मी काय या घरात भाडेकरू आहे? मुलगा आहे ना त्यांचा?

सईबाई : ओरडूं नको. पहांटे जातोस, रात्रीं येतोस, रविवारीं मेल्यासारखा झोंपतोस. कधीं सांगूं? आणि सांगितलें असतें तर काय केलें असतेंस? दाराला कुलूप लावलें असतेंस. भिऊन लावलें असतेंस, मजला ठाऊक आहे. तीस वर्षें मेसमध्यें जाऊन काप्पी पिणारा माणूस. तेवढें एक सुख राहिलें आहे त्यांचें.

रणवीर : थांब, थांब. आत्ता मेसमध्येच गेलेत ना ते? एकटे?

सईबाई : एकटे कुठें? सारी गल्ली आहे बरोबर.

रेवा : म्हणजे गल्लीला माहितेय, आणि आम्हाला नाही?

सईबाई : कोपऱ्यावर ती कनका फुलें विकते ना, तिला पहिल्यानें कळलें. रोज काप्पी पिऊन तिच्यापुढें जाऊन उभे राहायचे. आमचें घर कुठें, आमचें घर कुठें. मराठींत. तिला एक अक्षर कळेना, पावम, बिचारी. मग मीच शिकविलें तिला, असें विचारूं लागले की ‘चला’ म्हण. तेवढ्यानें येतात बघ, निमूट येतात. तिनें ऑटो स्टँडवरच्या सुब्बाला शिकविलें, सुब्बानें मेसवाल्याला. एकदां देवळाच्या, त्या कोविलच्या तळ्यापलीकडे कुठें पोचले होते, सुब्बा ऑटोंत घालून घेऊन आला. पैसे देऊं लागलें तर रागावला माझ्यावर.

रेवा : अगं बाई. परवा सुब्बा मला ‘चला मॅडम, चला’ म्हणाला. मी म्हटलं, वा, माझं ऐकून ऐकून मराठी शिकला!

रणवीर : सेरी. सेरी, कळलं मला. पण मग अम्मा, प्रॅक्टिकल विचार कर. बेट तर उलट सोपं. एवढीशी जागा, एकच मोठा रस्ता. तिथे हरवणार कुठे? तिथल्या लोकांना पण शिकवू आपण. माणसं चांगली आहेत.

सईबाई : असतील. सगळीकडे असतात. पण कनका त्यांना केव्हांपासून ओळखते? तिच्या मुलीला शाळेंत घालायला हेच गेले होते, हेडमास्तराशीं भांडून. तें ती विसरली नाहीं. ते विसरले. तिथें त्यांना कोण काय म्हणून ओळखणार? कुठलासा एक म्हातारा, न कळणारें बोलणारा.

रणवीर : मी असेन ना तिथे.

सईबाई : तूं इंजिनापाशीं असशील. हरवतील कुठें म्हणतोस ना? ऐक. इथें वाट चुकली तर पुढें दुकान येतें, माणूस येतें, दुसरी गल्ली येते. तिथें रस्ता संपला की समुद्र. आणि ते थांबत नाहींत रे रणवीर. कोणी ‘चला’ म्हणेपर्यंत चालतच राहातात.

रेवा : आई, पाणी देऊ का तुम्हाला?

सईबाई : नको. रडत नाहीं मी. किती दिवसांनीं एवढें बोललें, म्हणून.

रणवीर : मी नाही म्हणून कळवतो त्यांना.

सईबाई : तसें मीं म्हटलें नाहीं. तूं जा. तुम्ही दोघें जा. रात्रीं जेवतांना तुझें तोंड बघतें मी. कान दाबून जेवतोस. आम्ही इथें राहतों, आमचें चालतें.

रणवीर : आणि वर्षानं परत आलो तर अप्पा ओळखतील मला?

सईबाई : तें मजला नाहीं सांगतां येत.

रणवीर : आता? आता ओळखतात?

सईबाई : कधीं कधीं.

रणवीर : खरं सांग, अम्मा.

सईबाई : आपल्याकडे कंपनींतला एक मुलगा राहातो, म्हणतात. रात्रीं उशिरा येतो बिचारा, त्याला जेवायला वाढलेंस ना, म्हणून विचारतात मजला. चांगला मुलगा आहे म्हणतात.

रेवा : रणवीर... रणवीर, बस जरा.

रणवीर : नाही. माझी चप्पल कुठे आहे?

रेवा : कुठे निघालास?

रणवीर : मेसमध्ये. आज मी आणतो त्यांना. उद्यापासून सकाळी मी जाणार, कंपनीची बस गेली तर जाऊ दे. दुसऱ्या शिफ्टचं विचारतो, नाहीतर इथेच कुठे काम बघतो.

रेवा : आणि हॅवलॉक?

रणवीर : दुपारी फोन करून नाही सांगतो. माझं ठरलं, अम्मा. तू आता काही बोलू नकोस.

सईबाई : बोलत नाहीं. एवढें ऐकून जा. मागून हांक मारूं नको, दचकतात. समोर जाऊन उभा राहा. आणि मराठींत बोल.

रणवीर : माझं मराठी कळेल त्यांना?

सईबाई : सावकाश बोललास तर कळेल. आणि एकदम हात धरूं नको. आधीं तुझें नांव सांग.