चांदी आणि जिवाणू एकाच बाटलीत

अहो, परवा गारगोटीच्या बाजारात मी असा भडकलो, की अजून डोकं शांत झालेलं नाही. मातीतल्या जिवाणूंवर उभं आयुष्य घालवलेला माणूस मी, आणि खताच्या दुकानात बाटलीवर वाचतो काय, तर ‘जिवंत जिवाणू आणि चांदीचे नॅनोकण, दोन्ही एकत्र’!

मी दुकानदाराला म्हणालो, "अहो, चांदी जिवाणूंना मारते. मेलेले जिवाणू विकताय तुम्ही! वर रानातलेही मारणार."

"पावणं, कंपनीत काय येडी माणसं बसल्यात व्हय?"

शेजारी एक शेतकरी तीच बाटली घेऊन उभा होता. तीन वर्षं शेणखत घालून त्यानं भाताचं रान सुधारलं होतं. तो म्हणाला, "सर, तुम्ही शिकल्याली माणसं. रानात टाकू का नको, एवढंच सांगा की."

‘नको’ म्हणायला काय झालं होतं मला? पण मनात आलं, कणांचा आकार केवढा, प्रमाण किती, माती कसली, काहीच ठाऊक नाही. चुकलो तर? आणि तोंडातून निघालं, "हानीची शक्यता नाकारता येत नाही. मात्र अधिक अभ्यास आवश्यक आहे."

दुकानदारानं टेबलावर हात आपटला. "ऐकलंसा? सरांचा अभ्यास अजून व्हायचा हाय. आमच्या कंपनीचा झालाय!"

शेतकऱ्यानं एकाऐवजी दोन बाटल्या घेतल्या. जाताना मला वाकून नमस्कार केला आणि अगदी मनापासून म्हणाला, "अभ्यास झाला की कळवा बरं का, सर."