कपाटावरची सासूबाई

नाव: ओळखपत्रावर आहे तेच, निवाऱ्यात सगळे मावशी म्हणतात. वय: एकसष्ट. व्यवसाय: घरी पडदे शिवणे. राहणार: बेकरीच्या वरचा मजला.

मी स्वतः पोलीस ठाण्यात येऊन सांगते की, मांजरांच्या निवाऱ्यात मी दर रविवारी बिनपगारी काम करते. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला ही तक्रार द्यायला पाठवलं आहे. काल आमच्याकडची एक करडी मांजरी चोरून नेण्यात आली. तिला आम्ही सासूबाई म्हणतो, कारण ती कपाटावर बसून सगळ्यांवर नजर ठेवते आणि कोणाला हात लावू देत नाही. गेल्या वर्षी कोणीतरी तिला खोक्यात घालून, वरून चिकटपट्टी लावून, फाटकाशी ठेवून गेलं होतं. पट्टी मी कापली. तो माणूस मला एकदा भेटायलाच हवा होता.

काल सकाळी एक गृहस्थ दिवसभर मदत करतो म्हणून आले. सत्तरीचे, कपडे कडक इस्त्रीचे. मला ते पहिल्यापासूनच पटले नाहीत. मांजरांच्या कामाला इस्त्री करून कोण येतं? "मला मांजरांतलं काही कळत नाही हो," म्हणाले, आणि आत येताना दार मात्र लगेच पाठीमागे लावून घेतलं. नव्या माणसाला ते दहादा सांगावं लागतं. खांद्याला ही मोठी पिशवी. काय आहे विचारलं तर म्हणाले, "काही नाही, डबा." एवढ्या पिशवीत एक डबा!

बुजऱ्या मांजरांना माणसाच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून आमच्याकडे नव्या माणसाला त्यांच्या खोलीत बसवून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावतात. सासूबाईंना वर्षभर मीच वाचून दाखवत होते. अग्रलेख झाले, हरवले-सापडले झालं, जागा भाड्याने देणे आहे तेही झालं. बाईसाहेब काही खाली उतरल्या नाहीत.

या गृहस्थांनी हवामानाची बातमी घेतली. पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत ती कपाटावरून उतरली आणि त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. ते वाचतच राहिले, पण तीच ओळ पुन्हा पुन्हा. मी दारात उभी होते. पाणी कुठे मुरतंय ते मला तिथेच कळलं.

मी विचारलं, "खोक्यात घालणारे तुम्हीच ना?"

ते म्हणाले, "सून बाळंत व्हायची होती. घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं, मांजर नको."

"आणि चिकटपट्टी?"

"ती मी लावली." मग म्हणाले, "आता मी वेगळा राहतो. एकटाच." हे खरं की खोटं, ते साहेबांनी तपासावं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बजावलं, ज्याने सोडलं त्याला परत द्यायचं नाही, हा इथला नियम आहे आणि तो मीच करायला लावलाय. त्यावर ते नुसतं "बरं" म्हणाले. इतकं साळसूद बोलणं मला खपत नाही. दिवसभर मी त्यांच्यावरची नजर काढली नाही. त्यांनी मांजरांची सगळी भांडी घासली, वाळूचे ट्रे धुतले. डबा मात्र उघडला नाही. संध्याकाळी ते गेल्यावर डॉक्टरबाई औषध घालायला गेल्या, तर कपाट रिकामं.

साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, ते निघाले तेव्हा फाटकाशी मीच होते. पिशवीची चेन अर्धी उघडी होती. ती डोकं बाहेर काढून रस्ता बघत होती. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. त्यांचे दोन्ही हात पिशवीखाली अडकले होते, म्हणून फाटक मी उघडलं.

हे डॉक्टरबाईंना मी सांगितलेलं नाही.

लिहिलेलं सगळं मला ऐकवलं. वर 'चोरून' असं आलं आहे तो शब्द डॉक्टरबाईंचा आहे, तो खोडावा. बाकी मी बोलले तसंच उतरलं आहे.