रोजचा गुरुवार

मुंबईच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर खोक्यांच्या कारखान्याचा कामाचा तक्ता बसवणारा सदाशिव, त्या बुधवारी पहिल्यांदाच भोसरीचा कारखाना बघून बसच्या रांगेत उभा होता. पुढे मशीनवाला खंडू आणि खळ लावण्यात हयात गेलेल्या गिरजाबाई बोलत होते.

"मावशी, औषधाची चार हजार खोकी तक्त्यात उद्या चिकटवायला टाकल्यात."

"उद्या गुरुवार! आरं, लाइट बंद, सगळ्या एमआयडीसीला सुट्टी."

"मुंबईच्या कॉम्प्युटरला रविवारच ठावं. शुक्रवारी सकाळी ट्रक दारात."

"छापून, कापून झाल्यात न्हवं?"

"व्हय. चिकटवायचं तेवढं राहिलंय, पण ते मशीन लाइटीवर."

"माझे हात न्हाईत लाइटीवर. चुलीवर खळ शिजवू. धा बाया मी आणते."

"धा जणींत चार हजार?"

"मग पंधरा आणते! ही खोकी न्हाई गेली तर काम दुसरीकडं जाईल. मग आपल्याला रोजच गुरुवार."

बस आली. खंडू चढला. गिरजाबाई पायरीपाशी पोचल्या. सदाशिव चढला नाही.

"बाई, खळ किती वाजता शिजवणार?"

"साताला. तुमी कोन?"

"तो तक्ता मी बसवलाय."

गिरजाबाईंनी त्याच्या इस्त्रीच्या बाह्यांकडं पाहिलं.

"मग साडेसहाला या. चूल तुमी पेटवायची."