दहापैकी किती देता?

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर आर्सेसियो, व्यासपीठावरील पाहुणे, परिचारिका भगिनी, आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या भूलतज्ज्ञ डॉक्टर नुबियाबाई, सर्वांना सविनय वंदन.

रीतीप्रमाणे मी नुबियाबाईंचे गोडवे गायला हवेत. गातो, पण आधी सांगून टाकतो, वीस वर्षं मी या बाईंवर जळत आलोय. आपल्या डोंगराळ मानिसालेस शहराच्या चढांनी गुडघे झिजवायचे, आपण ते बदलायचे, आणि पेशंटनं विचारायचं काय? तर, "सुई नुबियाबाईच देणार ना?" मीही भूलतज्ज्ञच, तिथंच उभा. कुणाला जळजळ होणार नाही?

म्हणून सहा वर्षांपूर्वी मी तुलना मांडली. गुडघा बदलल्यावर दुखू नये म्हणून सांध्याभोवती बधिर करणारं औषध देतात. बाई जुनं बुपिव्हाकेन देत, मी नवं रोपिव्हाकेन. दुसऱ्या सकाळी मीच खाटेखाटेपाशी जाऊन विचारायचो, "दहापैकी किती देता?" माझे पेशंट दोन-तीन म्हणत, बाईंचे आठ-नऊ. म्हणजे दुखणं माझ्याकडे कमी! अहवाल गेला, मी विभागप्रमुख झालो. ती खुर्ची खरी बाईंची होती, हे इथं कुणाला ठाऊक नाही?

पुढं उबाल्दिनाबाई आल्या. उजवा गुडघा माझ्याकडे झाला होता, तेव्हा दोन म्हणाल्या होत्या. डावा नुबियाबाईंकडे, तर नऊ. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, फारच दुखतंय की. त्या मक्याची अरेपा भाकरी चावत म्हणाल्या, "दुखतंय कुठं? नऊ गुण दिले बाईंना. तुम्हाला दोन दिले होते, तेही तुमच्या आईकडं बघून. दिवसभर कण्हत होते मी."

आमची म्हातारी माणसं शाळेत दहापैकी गुण घेत वाढलेली. 'किती देता' म्हटल्यावर त्यांनी मलाच तपासलं! बाकीच्यांना गुपचूप विचारून आलो, बहुतेकांचं तेच. गुण औषधाचा की बाईंच्या हाताचा, देव जाणे, पण माझा नव्हता. तरी मी गप्प बसलो. हेवा, दुसरं काय. दुरुस्तीचं पत्र आज सकाळी अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलंय.

काल बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवेलियो, मला माहीत होतं. उबाल्दिना माझ्याच गल्लीत राहते." इतकी वर्षं गप्प! त्यावरही मी जळलोच.

पुढच्या महिन्यात माझा स्वतःचा गुडघा बदलायचाय. बाई, एक दिवस याल? औषध कुठलंही चालेल.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. काही उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला. दहापैकी दोनच दिलेत तरी चालेल. या खेपेला ते कशाचे, हे मी विचारून घेईन.